डाळिंबी टोपी आणि मागचं दार

उचगाव,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय वीरभद्र,

ठण्, ठण्, टक्. ठण्, ठण्, टक्.

आज पहाटे याच आवाजानं जाग आली. उठून बसलो, कान दिले, तर बाहेर नुसती दुधाची गाडी. मग उमगलं की आवाज आतूनच आला होता. रविवारी उजाडायच्या आधी तू माळावर खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटिंगला खिळे ठोकायचास, त्याचा. दोन जोरकस घाव आणि शेवटचा हलका. मी घरी तोंड धूत असायचो आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचो, आता बॉलरकडचा कोपरा झाला, आता मधली कड झाली. मग सायकलवर टांग.

शाळेत गुरुजींनी चालीवर कविता म्हणायला शिकवलं, तेव्हापासूनची माझी खोड तुला ठाऊक आहे. अंथरुणातच दोन ओळी जुळल्या:

पहाटे पहाटे घणाचा निनाद
धरेलाच देई जणू मंद साद

पुढच्या दोन सुचल्या की कळवतो. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, तू नुसतं 'व्हय, व्हय' म्हणतोस, म्हणून हा पत्रप्रपंच. तसं तुला लिहायला बसलं की मला बरंही वाटतं.

आता आपल्या उदय क्रिकेट क्लबची खबर. लीगमधली आपली पहिली मॅच बारा जानेवारीला, रविवारी, आपल्याच माळावर. गेल्या मोसमात दोनदा आपले अकरा भरले नाहीत आणि मॅच न खेळताच सोडावी लागली. हे तुला तेव्हा लिहिलं नव्हतं, लेखणीच उचलली नाही. यंदा लीगवाल्यांनी स्पष्ट सांगितलंय, पुन्हा तसं झालं तर उदयचं नाव कायमचं कमी.

पण काळजी नको. पोरं पुण्याला जातात, टेनिस बॉलच्या टुर्नामेंटवाले मोटरसायकलचं बक्षीस दाखवून पळवतात, शहरातला, शाहूपुरीचा एक बडा क्लब दिवाळीपासून आपल्या फलंदाज ऋतुराजच्या मागे लागलाय, हे सगळं खरं. पण ज्ञानूआप्पांनी क्लब काढताना घातलेला नियम अजून चालू आहे. क्लब सोडायचा तर अध्यक्षाच्या घरी यायचं आणि आपली डाळिंबी टोपी त्याच्या हातात द्यायची. हातातच. तोवर खेळाडू उदयचा. आणि या मोसमात माझ्या हातात एकही टोपी आलेली नाही! सांग, जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या अध्यक्षाला असं म्हणता येईल?

सौ. गंगव्वांना नमस्कार.

तुझा,
मृत्युंजय


नेसरी,
२६ नोव्हेंबर

मृत्युंजया,

पत्र पावलं. माझं मीच वाचलं. कान गेल्यात, डोळं न्हाय.

कविता ब्येस हाय. पर घण काय लिवलंस मर्दा? घण लोहाराकडं आसतोय. माझा हातोडा हुता. अजून हाय, गोठ्यातली खुटी त्येनंच ठोकतो. आन शेवटचा घाव हलका का मारायचो ते तुला कवितेत कळायचं न्हाय. खिळ्याचं डोस्कं मॅटिंगात बुडलं की काथ्या तुटतोय. म्हणून.

आता एक इचारतो. कुणीच टोपी दिली न्हाय? आपल्या येळंला फौंड्रीतनं सुटलो की सगळी माळावर पळायची, दुसरं काय करमणूकच नव्हती, तरीबी वर्साला दोनतीन टोप्या परत यायच्याच. आन आता ह्या पुण्या-मुंबईच्या दिवसात तुझ्याकडं एकबी न्हाय? तू घरात असतोस न्हवं?

माझीबी टोपी हाय हितं. गंगव्वाच्या ट्रंकंत, तिच्या इरकली लुगड्याच्या घडीत. म्हंजे नियमानं मीबी उदयचाच खेळाडू की. घाल नाव. इकेटकीपर पायजे आसंल तुला.

गंगव्वा म्हणती, 'यप्पा, ह्या वयात काय ह्ये!' तिला सांगितलं, तू ट्रंक उघडून ठेव.

तुझा,
वीरभद्र


उचगाव,
५ डिसेंबर

प्रिय वीरभद्र,

तुझं पत्र वाचून पोटभर हसलो. तुझं नाव घालू? अरे, तू स्टंपामागे वाकलास तर सरळ करायला कारखान्यातली क्रेन मागवावी लागेल! तू तिथंच बस आणि आम्हाला आशीर्वाद दे.

घरात असतो का, असं विचारलंस. असतो की. आता संध्याकाळी जरा परसात बसतो, शेवग्याला फुलं आलीत, हवा छान असते. त्यामुळे कुणी आलं-गेलं तर चुकामूक होते. ऋतुराज मध्ये तीनदा येऊन गेला म्हणे. नेमका मी नव्हतो.

तू त्याची बॅटिंग पाहिलेली नाहीस, याचं मला वाईट वाटतं. पहाटे दुधाची गाडी पोचवून येतो आणि नऊला पॅड बांधून उभा. डोळ्यांत झोप, पण बॉल ऑफच्या बाहेर पडला की असा पुढे झुकतो, जसा एखादा पोरगा शाळेत पाठ झालेली ओळ म्हणायला उभा राहतो. घाई नाही, अडखळणं नाही. बॉल कव्हरमधून जातो आणि मग आवाज येतो. मला तर वाटतं, तो आवाज आधीच माळावर कुठंतरी वाट बघत असतो. असा फलंदाज ज्या क्लबात आहे त्या क्लबाचा मी अध्यक्ष, हे आरशात बघून स्वतःला सांगावंसं वाटतं.

गेल्या रविवारी सरावाला पाच जण होते. बाकीचे कामात असतील. टोप्या तर त्यांच्याकडेच आहेत, मग जातील कुठं?

कवितेच्या पुढच्या ओळी अजून नाहीत. 'पुढे दोन ओळी सुचेनात आज' एवढंच सुचलं, आणि गंमत म्हणजे तेही वृत्तात बसलं!

तुझा,
मृत्युंजय


उचगाव,
१२ डिसेंबर

ती. वीरभद्रकाका यांस,
वर्षाराणीचा नमस्कार.

मी मृत्युंजय आण्णांची सून. तुमचा पत्ता पाकिटावरून उतरून घेतला. आण्णांच्या नकळत लिहितेय.

ते तुम्हाला लिहीत असतील की कुणी आलं तेव्हा मी घरी नव्हतो. घरीच असतात. गेटची कडी वाजली की खिडकीच्या फटीतून बघतात. येणाऱ्याच्या हातात काही डाळिंबी दिसलं की चपला हातात घेऊन मागच्या दारानं पसार. टोपी हातात पडायला नको म्हणून. मला सांगायला लावतात, 'देवळात गेलेत.' सोमवारी चालतं हो काका, रोज कोण देवळात जातं? परवा क्लबातला आदर्श मला म्हणाला, 'वहिनी, आण्णास्नी सांगा, एवढं देव देव करू नका, देव कटाळंल.'

मंगळवारी ऋतुराज चौथ्यांदा आला. मागच्या दाराला नेमकी गाडी लावलेली, म्हणून आण्णा भिंत चढायला गेले आणि पलीकडे शेजारच्या मोनाताईंच्या शेणाच्या ढिगात पडले. मोनाताई भांडी घासत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, 'पावणं, दार पुढल्या अंगाला हाय.'

पाय मुरगळलाय. मी हळद लावत होते तर विचारतात कसं, 'वर्षा, टोपी माझ्या हातात आली नाही ना?' मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आण्णांनी मला क्लबच्या टोपीवर पिवळ्या धाग्यानं अर्धा सूर्य भरायला शिकवलं. सासूबाई भरायच्या तसाच. माहेरी मी सांगितलं, तर सगळे म्हणाले, क्रिकेटवाल्यांच्यात दिली वाटतं पोरीला. मला त्याचा अभिमानच आहे. म्हणून सांगते, मैदानावर पाच पोरं आणि टोप्या घरोघरी खुंटीला, ह्याला क्लब म्हणतात का? माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

आपली,
वर्षाराणी


नेसरी,
१९ डिसेंबर

मृत्युंजया,

पाय कसा हाय? भिंत केवढी उंच हाय तुमची?

कुणी सांगितलं ते इचारू नगंस. त्या पोरीला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ हाय.

लेका, आयुष्यभर तुला पहिल्या स्लिपला उभा केला. बॉल आला की बाजूला सरकायचास आन म्हणायचास, डोळ्यावर ऊन आलं. ती सवय अजून गेली न्हाय तुझी. आता पोरं यायला लागली तर मागल्या दारानं सरकतोस.

आठीव जरा. मी फौंड्री सोडून गावाकडं यायचं ठरलं तवा आप्पांच्या दारात टोपी घिऊन गेलतो. तू तितंच कट्ट्यावर हुतास, शेंगा खात. आप्पांनी टोपी हातात घेतली. झटकली. आत च्या सांगितला. का चाललास म्हणून इचारलं न्हाय, थांब म्हणून बी म्हणालं न्हायत. एकच इचारलं, 'परत कधी येणार?' मी म्हणलं, ऊस गेला की येतो. तर म्हणालं, 'मग ही कशाला देतोस?' आन टोपी माझ्या डोक्यावर घातली.

ऊस काय सरला न्हाय, मर्दा. एक गेला की दुसरा हाय. पर त्या दारातनं मी रडत गेलो न्हाय. हातात द्यायचा नियम आप्पांनी पोरास्नी कोंडून ठेवायला केला व्हय? जाणाऱ्यानं दारात यावं, घटकाभर टेकावं, बोलावं, म्हणून केलता. तू तर आयतं आलेलं पोरगं तसंच माघारी लावतोस.

खुर्ची घे. म्होरल्या दारात बस. येऊ दे ज्याला यायचंय त्याला.

मीच येऊन चार शिव्या दिल्या असत्या, पर रानात उसाची तोडणी चालू हाय, तोडकऱ्यांची टोळी सोडून हलता येत न्हाय. आन गुडघं तू म्हणतोस तसलंच हायत. क्रेन लागंल.

वीरभद्र


उचगाव,
३० डिसेंबर

प्रिय वीरभद्र,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या शेंगा मला आठवल्या, आप्पांचा प्रश्न मात्र मी पार विसरून गेलो होतो. लगेच खुर्ची घेऊन पुढच्या दारात बसलो, मुरगळलेला पाय स्टुलावर टाकून. गल्लीतले लोक विचारायला लागले, 'आण्णा, कुणाची वाट बघताय?' मी म्हणालो, 'ज्यांना चुकवत होतो त्यांची.'

पहिला आदर्श आला. मला दारात बघून दचकलाच. टोपी पुढे केली आणि म्हणाला, 'आण्णा, फौंड्रीत रविवारची शिफ्ट लागल्या.' मी टोपी घेतली, झटकली, वर्षाराणीला चहा सांगितला आणि विचारलं, 'परत कधी येणार?' तो गोंधळला. 'परत म्हंजे? म्या अजून गेलोच न्हाय की!' मग चहा पिता पिता खरं बाहेर आलं. महिन्यातले दोन रविवार त्याला शिफ्ट बदलून मिळते. पण अर्धाच येणारा खेळाडू आण्णांना चालणार नाही, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी म्हणालो, 'अर्धा आदर्श म्हणजे सुद्धा दुसऱ्या क्लबातला दीड माणूस.' लाजला गडी. टोपी घालूनच गेला.

सगळेच असे नाहीत रे. दोघं खरंच चालले होते, एक पुण्याला, एक हैदराबादला. त्यांच्या टोप्या मी घेतल्या. त्यातल्या एकाचा धाकटा भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. त्याला म्हणे डाव्या हातानं स्विंग जमतो. टोपी चोवीस तासांच्या आत त्याच घरात परत गेली! अमरसिंह आला. त्याला चाकणच्या कंपनीचं बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, तोवर खेळतो म्हणाला. टुर्नामेंटवाल्यांकडे गेलेले तिघं एकत्र आले, मान खाली घालून. त्यांच्या टुर्नामेंटा शनिवारी असतात. रविवारी त्यांना कुणी बोलवतच नव्हतं. बोलवणारा मी, आणि मी भिंतीवर!

शेवटी ऋतुराज आला. हातात कागदात गुंडाळलेली टोपी. मागचं दार आठवलं, वीरभद्रा. पण उठलो नाही. त्यानं कागद सोडला. टोपीवरचा सूर्य उसवला होता, पिवळा धागा नुसता लोंबत होता.

'आण्णा, वहिनींकडनं टाकं घालून पायजेत,' म्हणाला. 'आपला सूर्य अध्यक्षांच्या घरात, त्यांच्या म्होरंच भरायचा असतोय न्हवं? म्हणून चारदा आलो. तुमी आपलं देवळात.'

मी टोपी वर्षाराणीकडे दिली. शेवटी विचारलंच, 'आणि शाहूपुरीवाले?'

'त्यांनी दिवाळीतच टोपी द्यायला काढलती. मी म्हणलं, डोस्कं रिकामं न्हाय.'

एवढं सांगून तो उंबऱ्यावर बसला आणि वर्षाराणी टाके घालेपर्यंत झोपूनही गेला. दुधाच्या गाडीची झोप. मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. ह्या पोराला चुकवायला मी शेणात पडलो! आणि तरीही सांगतो, त्या दिवसाइतका ताठ मी आयुष्यात कधी बसलेलो नाही.

तर आता अकरा आहेत. बरोबर अकरा. पत्र लिही.

तुझा,
मृत्युंजय


उचगाव,
११ जानेवारी २०२५, शनिवार दुपार

प्रिय वीरभद्र,

तुझं उत्तर आलं नाही. रोज पोस्टमनला विचारतो. आता तोच मला लांबून बघितलं की गल्ली बदलतो, मी पोरांना चुकवायचो तसा. मागची पत्रं आठवून बघतो तर वाटतं, तुझ्या गुडघ्यांची ती क्रेनची चेष्टा तुला लागली. तू गमतीत लिहितोयस असं समजून मी हसलो. नंतर लक्षात आलं, तू ट्रंक उघडून ठेवायला सांगितली होतीस. उघडी ट्रंक काही गंमत नसते.

आज सकाळी अमरसिंह आला. चाकणचं बोलावणं आलं, सोमवारी हजर व्हायचं, उद्या पहाटेची गाडी. मी टोपी घेतली, झटकली, चहा पाजला, प्रश्न विचारला. म्हणाला, 'गणपतीला येतो, आण्णा.' मग ही कशाला देतोस, असं म्हणून मी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. मिठी मारून गेला. कुठंतरी चाकणच्या खोलीत उद्यापासून एक डाळिंबी टोपी खुंटीला असेल.

पण उद्याला दहाच उरले. दुसऱ्या कुणाला विचारायला वेळ नाही. म्हणून अकरावं नाव मी माझं घातलंय. हसू नकोस. लीगच्या नियमात वयाची अट नाही. पाय अजून दुखतो, पण मैदानावर उभं राहता येईल. मगाशी आरशापुढे बॅट धरून बघितली. वर्षाराणी म्हणाली, 'आण्णा, बॅट उलटी धरलीय.' खोटं बोलते. बरोबर धरली होती. उद्या माळावर अकरा डाळिंबी टोप्या उभ्या राहतील आणि उदयचं नाव राहील. त्यातली एक टोपी मॅच संपेपर्यंत नुसती उभी राहिली तरी पुष्कळ.

एकाच गोष्टीचा घोर आहे. पोरांनी सरावाला मॅटिंग अंथरलं, तेव्हा खिळे ठोकताना मी कान देऊन ऐकलं. टक टक टक, सगळे घाव सारखे. कडेला सुरकुत्या पडल्या आहेत. उद्या बॉल कुठं उडेल ते

थांब, गेटची कडी वाजली.

वर्षाराणी बघून आली. 'आण्णा, हातात डाळिंबी टोपी आहे. देवळात गेलात म्हणून सांगू?' आणि तोंडाला पदर लावून हसतेय. आज टोपी? दहाचे नऊ झाले तर संपलंच सगळं. पण मागच्या दाराकडे बघितलं नाही. जाऊन उघडतो.

वीरभद्रा, आता पुढचं लिहितोय तेव्हा तू समोरच कॉटवर बसून बशीनं चहा पितोयस आणि म्हणतोस, 'पत्र पुरं कर, अर्धं घेणार न्हाय मी.' म्हणून पुरं करतो.

मी दार उघडलं. काठी, खांद्याला पिशवी, आणि टोपी दोन्ही हातांत धरलेली. तू. नेसरीहून, एसटीनं, ऐन तोडणीत.

'टोळी?' मी विचारलं. तुला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडलो. तू म्हणालास, 'गंगव्वावर सोडून आलोय. माझ्यापरास तिलाच जास्त भित्यात.'

मग टोपी पुढे केलीस. 'घे. गुडघं गेल्यात. ठेवून काय करू?'

रंग उडालेला, सूर्य तांबूस पडलेला, आणि वास ट्रंकेचा. हिच्या सूर्याचे टाके आप्पांच्या घरात पडलेले. मी ती घेतली. झटकायचा धीर झाला नाही, तरी झटकली. आणि तुला ऐकू जावं म्हणून एवढ्या मोठ्यानं विचारलं की मोनाताई भिंतीवरून डोकावल्या, 'परत कधी येणार?'

तू म्हणालास, 'उद्या पाटं पाचला. मॅटिंग कुठं ठेवलंय?'

मी टोपी तुझ्या डोक्यावर घातली, ती डोळ्यांपर्यंत आली, तू हातानं वर सारलीस.

'नाव घातलंयस न्हवं माझं?'

'अकरावं माझं घातलंय,' मी ओरडलो.

'खोड ते. सकाळी बदलता येतंय. मी कीपर, तू बारावा. पाणी आणायचं काम तुझं.' आणि खाली वाकून, गुडघे करकरत, क्रेनशिवाय, तू पिशवीतून हातोडा काढलास आणि उंबऱ्यावर ठेवलास.

ठण्.